तिसरा गट

तिसऱ्याच दिवशी आइवार्स रिपोर्ट मागतो.
दारात उभा, अंगात कोट तसाच,
बुटांखाली बर्फाचं पाणी पसरतंय.
"ब जिंकला ना, रास्मा?"

मी स्क्रीन त्याच्याकडे वळवत नाही.
अ : नऊ जणांनी लोकर घेतली.
ब : एकवीस.
एवढ्यावर तो शॅम्पेन उघडेल.
मागच्या मार्चमध्ये उघडली होती,
आणि मे महिन्यात त्याच बाटलीत
गुंटानं लायलॅकची एक डहाळी ठेवली,
कुणीच काही बोललं नाही.

शितावरून भाताची परीक्षा, कबूल.
पण भात अजून शिजतोय, आइवार्स,
आणि तू घडीघडी झाकण काढतोस.

चौदा दिवस, मी म्हणते.
तो कोटाची बटणं लावतो. उघडलेली नव्हतीच, तरी लावतो.

अ मध्ये आम्ही लिहिलं होतं :
"तुमची आठवण येते."
ब मध्ये : "रविवारपर्यंत पंधरा टक्के सूट."
दोन्ही गुंटानंच लिहिले, एका दुपारी,
एका हातात सँडविच होतं.

"उघडले : एक्केचाळीस टक्के"
हा आकडा मी हल्ली बोटानं झाकून पुढे वाचते.
कितीतरी फोन आमचा मेल स्वतःच उघडून ठेवतात,
मालक घोरत असतो तेव्हा, पहाटे तीनला.
फोनाला कुणाची आठवण येत नसावी.
पण रकाना भरतो,
आणि भरलेला रकाना बघून माणसाला बरं वाटतं.

लिएपायात वारा सुटी घेत नाही.
खिडकीबाहेरचं लिंडन ट्रामच्या तारेशी भांडत असतं.
कावळा बसायला आणि फांदी तुटायला,
हे इथं रोज घडतं,
आणि रोज कुणीतरी कावळ्याला बढती देतं.

म्हणून तिसरा गट.
दोन हजार माणसं, ज्यांना आम्ही काहीच पाठवलं नाही.
सूट नाही, आठवण नाही.
कावळा बसलाच नाही तर
किती फांद्या आपल्याआपण तुटतात,
तेवढंच मोजायचं.

चौदाव्या दिवशी :
अ बासष्ट.
ब एकाहत्तर.
ज्यांच्याशी आम्ही गप्प राहिलो, ते अठ्ठावन्न.

आइवार्स आकड्यांकडे बघतो,
जसं वजनकाट्याकडे बघतात, आधी एका पायावर, मग दुसऱ्या.
"म्हणजे एकाहत्तर जास्तच ना?"
जास्त आहेत. पण पुन्हा नाणं उडवलं
तर एवढा फरक नुसत्या नशिबानंही पडेल.
शिवाय सूट वजा केली
तर बच्या गल्ल्यात अपेक्षा कमी पैसे आहेत.
हे शेवटचं वाक्य मी हळू म्हणते.

मग एक काम करते, जे करू नये.
तिसऱ्या गटाची यादी उघडते.
ओळ चार हजार चारशे सतरा :
वेल्टा, कुल्डीगा. माझी मावशी.
यंत्रानं चिठ्ठी टाकली, ती गप्पांच्या बाजूला पडली.
नवव्या दिवशी तिनं तीन लडी घेतल्या,
राखाडी.
कुणी बोलावलं नव्हतं. मीही नाही,
ऑगस्टपासून.
राखाडी कुणासाठी, याला रकाना नाही.

रिपोर्टच्या तळाशी मी लिहिते :
"फरक आहे की नाही, अजून सांगता येत नाही."
हे वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली
आणि आइवार्सला वाचायला अर्धा मिनिट.
"मग मी संचालकांना काय सांगू?"
हेच.
तो जातो. पाण्याचा डाग राहतो.

बाहेर काहीतरी मोडल्याचा आवाज येतो, मी बघत नाही.
मावशीचा नंबर लावते.
मी फोन केला नसता तर आज ती कशी असती,
हे ताडून बघायला दुसरी वेल्टा नाही.
रिंग. रिंग.
"बोल लवकर," ती म्हणते,
"टाके मोजतेय, चुकतील."